जबाबदार माणूस

"बाबा, पुस्तकापासून माणसाला काय काय इजा होऊ शकते?"

गेल्या वर्षीच्या, म्हणजे २०२५ च्या श्रावणातली ही गोष्ट. आमचे बुलढाणे अजिंठ्याच्या डोंगररांगेवर वसलेले. श्रावणात येथे ढग रस्त्यावरून चालतात, आणि दार उघडे राहिले तर ओळखीच्या पाहुण्यासारखे सरळ घरात येतात. अशाच एका सकाळी मी खिडकीशी चहाचा पेला घेऊन बसलो होतो, आणि सूनबाईने आतून येऊन हा प्रश्न माझ्यापुढे टाकला.

"वाचले तर, की न वाचले तर?" मी विचारले.

एरवी ती हसली असती. पण त्या दिवशी तिच्या हातात कागद होता, पेन्सिल होती, आणि कपाळावर आठ्या होत्या. "थट्टा नाही बाबा, खरंच लिहून द्यायचं आहे. आणि तुमचा जन्म छापखान्यात गेला. तुम्हाला नाही विचारायचं, तर कोणाला?"

जन्म छापखान्यात गेला हे खरे. वडिलांचा लहानसा छापखाना होता, पुढे तो मी चालवला, आणि काळ बदलला तेव्हा मीच तो बंद केला. सूनबाईला मात्र छापण्याचा नाही, तर छापून घेण्याचा नाद. चार वर्षांपासून ती मुलांची पुस्तके काढते. वर्षाला दोन, फार तर तीन. त्यातले लोणारच्या सरोवरावरचे चोवीस पानांचे चित्रांचे पुस्तक मला मनापासून आवडते. आकाशातून आलेला पाषाण आपल्या काळ्या पत्थरावर आदळतो काय, सुमारे पावणेदोन किलोमीटर रुंदीचा खळगा पडतो काय, आणि २०२० च्या जून महिन्यात त्यातले पाणी एकाएकी गुलाबी होऊन सारे जग बघायला लागते काय! मुलांना आणखी काय पाहिजे?

या पुस्तकाच्या चाळीस प्रतींची मागणी जर्मनीहून आली होती. तिकडच्या एका गावात काही मराठी कुटुंबे मिळून दर रविवारी मुलांची मराठी शाळा भरवतात. त्यांना दिवाळीत मुलांच्या हाती हे पुस्तक द्यायचे होते. चाळीस प्रती म्हणजे काही मोठा व्यापार नव्हे. पण आमच्या घरात त्या दिवशी शिरा झाला. बुलढाण्याचे पुस्तक जर्मनीला चालले, हे मी शेजारी दोनदा तरी सांगून आलो असेन. आणि आठ दिवसांनी हा कागद आला.

प्रकरण असे होते. युरोपातल्या सत्तावीस देशांच्या संघाने वस्तूंच्या सुरक्षिततेचा एक नवा नियम केला, आणि तो १३ डिसेंबर २०२४ पासून लागू झाला. बाजारात विकली जाणारी वस्तू वापरणाऱ्याला अपाय करणारी नसावी, एवढेच त्याचे सार. औषधे, अन्नपदार्थ अशा ज्या गोष्टींना वेगळे कायदे आहेत त्या सोडल्या, तर बाकी झाडून साऱ्या वस्तू त्यात आल्या. खुर्ची आली, कंदील आला, उशी आली, आणि त्यांच्या मागोमाग निमूटपणे पुस्तकही आले. करणाऱ्याचे नाव, टपालाचा पत्ता आणि ई-मेल वस्तूवर पाहिजे. वस्तू ओळखू येईल असा क्रमांक पाहिजे. या वस्तूपासून कोणकोणते धोके संभवतात याचा विचार करणाऱ्याने स्वतः करून तो लिहून ठेवला पाहिजे, आणि ते कागद दहा वर्षे जपले पाहिजेत. या सगळ्यावर कळस म्हणजे, वस्तू बाहेरच्या देशातून येत असेल तर युरोपात राहणारा कोणीतरी तिच्यासाठी जबाबदार पाहिजे. उद्या काही झाले तर ज्याचे दार ठोठावता येईल असा.

"जबाबदार माणूस नसेल, तर पुस्तक विकता येत नाही," सूनबाई म्हणाली.

"आणि असा माणूस मिळतो कुठे?"

"मिळतो. पैसे घेऊन नाव देणाऱ्या कंपन्या आहेत. पण त्यांची वर्षाची फी आपल्या चाळीस पुस्तकांच्या किमतीहून जास्त आहे."

मी चहाचा पेला खाली ठेवला. मग आम्ही दोघे त्या कागदाला लागलो.

वाचकहो, तुम्हीही एकदा हा खेळ खेळून पाहा. नियमात असे म्हटले आहे, की वस्तूचा नेहमीचा वापर तर बघाच, पण सहज होऊ शकेल असा इतर वापरही लक्षात घ्या. आता पुस्तकाचा नेहमीचा वापर कोणता? वाचणे, हे उत्तर देणाऱ्याने आमचे घर पाहिलेले नाही. आमच्याकडे पुस्तक दुधावर झाकण म्हणून बसते. डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली जाते. दुपारी उशाशी येते, वीज गेली की पंखा होते, आणि भिंतीवर झुरळ दिसले की शस्त्र होते. माझा धाकटा नातू पुस्तक प्रथम कोपऱ्यातून चाखून बघतो, आणि पसंत पडले तरच उघडतो. माझी आई तर कादंबरीची पाने बोटाला थुंकी लावूनच उलटीत असे. हे सगळे सहज होऊ शकणारे वापर नव्हेत, असे म्हणण्याची माझी तरी छाती नाही.

हसत हसत आम्ही यादी करू लागलो, आणि नियम वाटला तितका वेडगळ नाही असे माझ्या ध्यानात येऊ लागले. चोवीस पानांचे पुस्तक मध्ये दोन पिना मारून शिवतात. पीन सुटली तर लहान मुलाच्या बोटात जाईल, तोंडात जाईल. पुठ्ठ्याचे कोपरे टोकदार असतात, डोळ्यापाशी लागतील. प्रत्येक प्रत प्लास्टिकच्या पातळ पिशवीत घालून पाठवायची, तर ती पिशवी मूल डोक्यात घालील. राहता राहिली शाई. साधे वाचायचे पुस्तक खेळण्यात मोडत नाही. पण त्याला शिट्टी जोडा, चाक लावा, बाहुली चिकटवा, की ते खेळणे ठरते आणि खेळण्यांचे याहूनही कडक नियम त्याला लागतात. आमचे पुस्तक बिचारे साधे होते. तरी पण मुलांच्या हातात जायचे, म्हणून शाईत काय काय आहे हेही कळवा, असे त्या कागदात लिहिले होते.

शाईची चौकशी! मला आमच्याच मराठी छपाईचा जुना इतिहास आठवला. १८३१ साली गणपत कृष्णाजींनी मुंबईत छापील पंचांग काढले, त्या काळी सोवळी माणसे छापील कागदाला शिवायला तयार नसत. शाईत चरबी असते, मग ती पोथी देवघरात न्यायची कशी? तेव्हा गणपत कृष्णाजींनी तुपाची शाई केली आणि तिच्यावर पोथ्या छापल्या, असे सांगतात. म्हणजे गिऱ्हाइकाने शाईत काय आहे असे विचारावे, आणि छापणाऱ्याने त्याच्या मनाचे समाधान होईल असा पुरावा द्यावा, हे आपल्याला काही नवे नाही. तेव्हाचा धोका परलोकाचा होता, आताचा या लोकाचा आहे, इतकेच.

आणि खरे विष काय पुस्तकात कधी नव्हतेच? हस्तलिखित पोथीत अक्षर चुकले की लेखक त्यावर हरताळ लावीत, पिवळ्या लेपाखाली चूक झाकून जाई. 'हरताळ फासणे' हा शब्दप्रयोग आपण रोज वापरतो; पण हरताळ म्हणजे सोमल आणि गंधक यांचे संयुग, हे कोणाच्या मनातही येत नाही. पोथीतले तांबडे दंड हिंगुळाचे, आणि हिंगुळात पारा. आमच्या छापखान्यात बांधणीच्या खळीत कसर लागू नये म्हणून मोरचूद घालीत असत, आणि ती खळ कालवणाऱ्या माणसाला त्याच हाताने विडी ओढताना मी रोज पाहत असे. इंग्लंडात एकोणिसाव्या शतकात हिरव्यागार कापडाच्या बांधणीची मोठी आवड होती. तो हिरवा रंग सोमलाचा. अमेरिकेतल्या डेलावेअर राज्यात विंटरथर नावाचे संग्रहालय आहे, तेथे २०१९ पासून अशी विषारी पुस्तके शोधून त्यांची यादी करण्याचे काम चालले आहे. फार कशाला, आमच्या शेगावची गरम कचोरी वर्तमानपत्राच्या कागदात बांधून घेऊन आम्ही वर्षानुवर्षे खाल्ली. अन्नपदार्थ छापील कागदात बांधू नका, शाईतली द्रव्ये पोटात जातात, असे सरकारच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१६ साली बजावले, तेव्हा कुठे कचोरीखालचा कागद आम्ही उलटून पाहिला.

"बाबा, नाव-पत्त्याचं काय?" सूनबाईने मला वाटेवर आणले.

त्याची मला चिंता नव्हती. पुस्तकावर नाव आणि ठिकाण घालायची सवय आमच्या धंद्याला फार जुनी. १८६७ सालच्या कायद्याने प्रत्येक पुस्तकावर मुद्रकाचे नाव व छापल्याचे ठिकाण, प्रकाशकाचे नाव व प्रकाशनाचे ठिकाण घालणे भाग होते. लहानपणी पुस्तकातली ही ओळ मी आधी वाचीत असे. गंमत अशी, की १ मार्च २०२४ पासून त्या कायद्याच्या जागी नवा कायदा आला आणि त्यातून पुस्तके वगळली गेली. आपल्याकडे मार्चमध्ये ही सक्ती सुटली, आणि नऊ महिन्यांनी युरोपाने ती नव्याने पुढे केली! परंतु दोन्हींत एक फरक आहे. १८६७ च्या सरकारला नाव हवे होते, ते मजकूर अंगावर आला तर कोणाला धरायचे हे कळावे म्हणून. आताच्या नियमाला नाव हवे आहे, ते पुस्तक विकत घेणाऱ्याला दाद कोठे मागायची हे कळावे म्हणून. एकाला मजकुराची भीती, दुसऱ्याला पिनेची.

आणि मजकुराची भीती आमच्या गावाने पाहिलेली आहे. ताराबाई शिंदे आमच्या बुलढाण्याच्या. त्यांचे 'स्त्रीपुरुष तुलना' १८८२ साली पुण्यात श्रीशिवाजी छापखान्यात छापले गेले. बायकांच्या माथी मारलेला प्रत्येक दोष त्यांनी पुरुषांपुढे आरशासारखा धरला. जोतीराव फुल्यांनी त्यांची बाजू घेतली. पण ताराबाईंचे दुसरे पुस्तक काही निघाले नाही, आणि पहिलेही लोक विसरून गेले. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापून आणले, तेव्हा बुलढाण्याला कळले की आपल्या गावात कोण राहत होते. या पुस्तकाचे धोके लिहायला बसलो असतो, तर कोपरे नि पिना यांच्यापाशीच थांबलो असतो काय? तो धोका वाचणाऱ्याला नव्हताच. तो लिहिणारीला होता.

हा विचार मनात आला, आणि त्याच वेळी सूनबाई पुढचा प्रश्न वाचीत होती. "शाईत अथवा अन्य भागात शिसे आहे काय?"

पावसाची एक सर येऊन गेली. मी काही बोललो नाही.

"बाबा, शिसं?"

"शाईवाल्याकडून लिहून घे," मी म्हटले. "आता नसते. पूर्वी असे. पिवळ्या, तांबड्या शायांत असे. अमेरिकेत २००८ साली मुलांच्या वस्तूंतल्या शिशाचा कायदा झाला, तेव्हा ग्रंथालयांपुढे प्रश्न पडला, की मुलांची जुनी पुस्तके शेल्फावर ठेवायची की नाही? पुढे २०११ साली साधी पुस्तके त्यातून सोडवली." इतके बोलून मी उठलो, आणि छत्री घेऊन बाहेर पडलो. सूनबाईला नवल वाटले असेल. पण ज्या शिशाची मला आठवण झाली, ते शाईतले नव्हते.

आमच्या छापखान्यात एक खिळे जुळवणारे होते. आम्ही मुले त्यांना खिळेकाका म्हणत असू. ते घाटाखालचे, खामगावकडचे. बुटके, शिडशिडीत, धोतर गुडघ्यापर्यंत, आणि कानावर नेहमी एक पेन्सिल. खिळ्यांच्या केसपुढे ते उभे राहिले म्हणजे त्यांचे हात दिसत नसत, नुसता टकटक आवाज येई. मराठी जुळवायचे म्हणजे काना वेगळा, मात्रा वेगळी, जोडाक्षरे तर शेकड्यांनी. पण कोणते अक्षर कोणत्या घरात, हे त्यांना डोळे मिटून ठाऊक होते. लग्नपत्रिका, शाळांच्या प्रश्नपत्रिका, सैलानीच्या यात्रेची हस्तपत्रके, खामगावच्या जिनांच्या पावत्या, जे येईल ते. दोन्ही हात गुंतले की एखादा खिळा ते ओठांत धरीत. केसच्या घरांत धूळ साचली की फुंकर मारून उडवीत. दुपारी दगडी पाट्यावरच भाकरी सोडून बसत. हात धूत, पण नुसत्या पाण्याने.

खिळे शिशाचे असतात. शिशात थोडे अँटिमनी, थोडे कथील. खिळ्यातले शिसे कागदावर उतरत नाही. कागदावर उतरते ती शाई. शिसे उतरते ते जुळवणाऱ्याच्या बोटांवर, आणि तेथून भाकरीबरोबर पोटात. हे आज मी शहाण्यासारखे लिहितो आहे. तेव्हा छापखान्यात एवढेच ठाऊक होते, की या कामात गूळ खावा, दूध प्यावे. अण्णा, म्हणजे माझे वडील, गुळाचा खडा सगळ्यांना रोज न चुकता देत.

१९५८ साली मी अकरा वर्षांचा होतो. आमचा जिल्हा तेव्हा मुंबई राज्यात होता. आदल्या वर्षी नवे पैसे सुरू झालेले, म्हणून आणे-पैचे रकाने असलेल्या साऱ्या पावत्या, वह्या बाद होऊन नव्याने छापून घ्यायची व्यापाऱ्यांची घाई अजून चालली होती. छापखान्याला असे दिवस पुन्हा कधी आले नाहीत. त्या भाद्रपदात काकांच्या पोटात कळा येऊ लागल्या. मग खिळा उचलताना बोटे निसटू लागली. अण्णांनी त्यांना डॉक्टरांकडे नेले. डॉक्टरांनी ओठ वर करून हिरड्या पाहिल्या. दातांच्या मुळाशी निळसर रेघ होती. यांना या कामातून काढा, आजच काढा, असे त्यांनी सांगितले.

कारखान्यांचा १९४८ चा कायदा होता, आणि त्यात कळवायच्या रोगांच्या यादीत शिशाच्या विषबाधेचे नाव पहिले होते. पण तो कायदा लागायला यंत्रशक्तीवर चालणाऱ्या ठिकाणी दहा आणि हाताने चालणाऱ्या ठिकाणी वीस माणसे लागत. आमचे ट्रेडल पायाने चाले, आणि माणसे चार. म्हणजे कायद्याच्या हिशेबी आमच्याकडे काही झालेच नव्हते.

दुसऱ्या दिवशी काका घरी होते. अण्णांच्या टेबलावर दिवाळीच्या कामांचा ढीग होता, आणि पंचक्रोशीत दुसरा जुळवणारा नव्हता. अण्णांनी मला हाक मारली. "जा, काकांना सांग, दिवाळीपर्यंत ओढा म्हणावं. मग पाहू."

मी धावत गेलो. मला वाटले, मी मोठे काम करतो आहे. काका ओट्यावर बसले होते. मी निरोप सांगितला. त्यांनी माझ्याकडे पाहिले, आणि म्हणाले, "मालकाले सांगजो बापू, थांबतो म्हना दिवाईपर्यंत. हाताचं काय, होत रायते कमीजास्त."

तो निरोपही मी धावतच परत आणला.

दिवाळी झाली. सारे काम वेळेवर गेले. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी अण्णांनी काकांना नवे धोतर आणि दोन महिन्यांचा पगार दिला. तुळशीच्या लग्नापर्यंत काकांचा उजवा हात मनगटापासून खाली लोंबू लागला. भाकरीचा तुकडा मोडायचा तर डाव्या हाताने मनगट उचलून धरावे लागे. मग ते घाट उतरून आपल्या गावी गेले. अण्णा एकदा त्यांना बघून आले, आणि त्या रात्री जेवले नाहीत. दोन वर्षांनी काका गेल्याचे पोस्टकार्ड आले. मी त्यांना पाहायला कधीच गेलो नाही. प्रथम लहान होतो म्हणून, आणि नंतर ते नव्हते म्हणून.

अण्णांना मी दोष देत नाही. तेही त्याच खोलीत, त्याच धुळीत उभे राहत. घर त्या चार माणसांच्या कामावर चाले. पण निरोप मीच नेला होता, आणि सदुसष्ट वर्षांत मी ही गोष्ट कोणाला सांगितली नव्हती. त्या दिवशी भर पावसात तळ्याच्या बाजूने हिंडताना मला सारखे वाटत होते, की या कागदात वाचणाऱ्याच्या बोटाची चौकशी आहे, चाखणाऱ्या मुलाच्या जिभेची आहे, पिशवीत गुदमरणाऱ्याच्या श्वासाची आहे. जो पुस्तक करतो, त्याच्या हाताबद्दल मात्र एकही ओळ नाही.

घरी आलो, अंग पुसले, आणि सूनबाईला समोर बसवून सारे सांगितले. ती ऐकून घेत राहिली. शेवटी तिने एवढेच विचारले, "आपलं पुस्तक जिथं छापतात, तो छापखाना तुम्ही आतून पाहिलाय?"

मी पाहिला नव्हता. तिनेही मुखपृष्ठाचा रंग बघायला म्हणून पुढच्या खोलीपर्यंतच पाहिला होता. चार दिवसांनी आम्ही दोघे गेलो. कोठे, ते सांगत नाही. मालक भला माणूस, आणि असे छापखाने गावोगाव आहेत. आता खिळे नाहीत, शिसे नाही. संगणकावर पान लागते, पत्र्याच्या पातळ प्लेटवर उमटते, आणि ऑफसेटचे यंत्र तासाला हजारो कागद फेकते. सगळे स्वच्छ, झगझगीत. पण यंत्र थांबले, आणि एक विशीचा मुलगा खाली वाकून रूळ पुसू लागला. हातात फडके, फडक्यावर भपकन वास येणारे पातळ तेल, हात कोपरापर्यंत उघडे. बोटांची कातडी पांढरी पडून सोललेली. खोलीची एकुलती एक खिडकी कागदांच्या रिमांनी झाकलेली.

"हातमोजे नाहीत का रे?" मी विचारले.

"आहेत न आजोबा. पण त्यानं काम हळू होते. दिवाळीचा सीझन आहे."

सूनबाईने माझ्याकडे पाहिले. मला काही बोलता आले नाही, बोलली तीच. मालकाला ती म्हणाली, की आमचे पुस्तक आठ दिवस उशिरा झाले तरी चालेल, पण आमच्या कामाला हातमोजे आणि उघडी खिडकी पाहिजे, आणि त्याचे वेगळे पैसे लागले तर बिलात धरा. मालक थोडे ओशाळले. त्यांनी पैसे धरले नाहीत. आमच्यादेखतच त्यांनी दोन माणसे लावून रिमे हलवली, आणि खिडकी उघडली. पुढे ती उघडीच राहिली की नाही, हे पाहायला मी दोनदा काही निमित्त काढून गेलो. दोन्ही वेळा उघडी होती. मुलाच्या हातात मात्र मोजे एकदाच दिसले. त्याला मी माझ्या शिळ्या गोष्टीतले काय सांगायचे ते सांगितले आहे.

आमच्या कागदाचे पुढे रीतसर झाले. पिना काढून दोऱ्याची शिवण घातली. कोपरे गोल कापले. प्लास्टिकच्या पिशवीऐवजी खाकी कागद आला. शाईवाल्याचा दाखला आला. पुस्तकाचा आयएसबीएन क्रमांक होताच, त्याच्याखाली आमचा पत्ता छापला. जबाबदार माणसाचा घोर मात्र शेवटपर्यंत होता. अखेर तिकडच्या एका लहान पुस्तक-दुकानदाराने आयात करणारा म्हणून आपले नाव देण्याचे कबूल केले. त्यानेच हा प्रश्नांचा कागद पाठवला होता; आमची लेखी उत्तरे वाचून त्याची खात्री पटली, असे त्याने कळवले. त्याच्या नाव-पत्त्याची चिठ्ठी प्रत्येक प्रतीच्या शेवटच्या पानावर लावली. या सगळ्यात चाळीस प्रतींचा नफा गेला, आणि वर सूनबाईच्या पदरचे थोडे गेले. पुस्तके दिवाळीला नाही, पण नाताळाच्या आधी पोहोचली. नंतर एक छायाचित्र आले. अंगात लोकरीचा जाड स्वेटर घातलेला एक मुलगा जमिनीवर पालथा पडून लोणारचे गुलाबी पाणी बघतो आहे, आणि पुस्तकाच्या उघड्या पानावर चकली ठेवलेली आहे. हा वापर आमच्या यादीत लिहायचा राहूनच गेला होता.

ते दहा वर्षे जपायचे कागद आता माझ्या ताब्यात आहेत. छापखाना मोडला तेव्हा खिळ्यांची एक केस मी ठेवून घेतली होती. ज्या कपाटात ती आहे, त्याच कपाटात वरच्या कप्प्यावर ती फाइल आहे. २०३५ सालापर्यंत कोणी मागितली तर काढून दाखवायची. तोपर्यंत मी अठ्ठ्याऐंशी वर्षांचा होईन. नसलो तर सूनबाई आहे.

फाइलीत शाईचा दाखला आहे, शिवणीचा नमुना आहे, आम्ही दोघांनी केलेली धोक्यांची यादी आहे. सगळ्यात शेवटी मी माझ्या हाताने लिहिलेला एक कागद लावला आहे. नियमात तो कोणी मागितलेला नाही. त्यावर खिळेकाकांचे पूर्ण नाव आहे, गाव आहे, ते आमच्याकडे किती वर्षे होते ते आहे, आणि १९५८ च्या भाद्रपदात त्यांना दिवाळीपर्यंत थांबण्याचा निरोप कोणी नेला, तेही लिहिले आहे. खाली सही आहे, आणि टपालाचा पत्ता.